धुराड्यांचं गाव

नागपूरहून निघताना मला वाटलं होतं, अमेरिकेत आणखी काही नसलं तरी उजेड भरपूर असेल. मग मिशिगनमधल्या ट्रॉयला आले आणि काकांच्या घरी भाड्याने राहायला लागले. खाली तळघरात मी, वर काका-काकू. आणि बाप्पा, तळघरात वरच्यापेक्षा जास्त उजेड होता! माझ्याकडे निदान जमिनीलगतच्या दोन खिडक्या होत्या. वरच्या दिवाणखान्याची दक्षिणेकडची भली मोठी काच मात्र बारा महिने जाड पडद्याआड. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत काकू भिंत चाचपत फिरायच्या. कारण समोरच्या भिंतीवर चित्र होतं.

चित्र म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं ऑस्ट्रियातलं एक लहानसं गाव. पुढे नदी, नदीवर पूल, पलीकडे चर्चचा मनोरा, त्याच्याभोवती उतरत्या छपरांची घरं आणि मागे टेकड्या. कॅरम बोर्डापेक्षा थोडं मोठं. कोपऱ्यात सही नाही. गावाला नाव होतं, पण काका ते घशाच्या इतक्या आतून काढायचे की ऐकणाऱ्यालाच खाकरावंसं वाटायचं. ते नाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

काका मूळचे सोलापूरचे. मोटारींच्या कंपनीत त्यांची हयात गेली, तीही एक्झॉस्टमध्ये. गाडीच्या धुराड्यात काजळी किती धरते, का धरते, कुठे धरते, हा त्यांचा विषय. निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात, हे चित्राच्या नादी लागले. गळ्यात रेशमी रुमाल आला. ‘छान’ हा शब्द गेला आणि ‘टोनॅलिटी’ आली. कोणी चुकून ‘काका, सीनरी मस्त आहे हं’ म्हटलं, की ते डोळे मिटून घ्यायचे, दात दुखल्यासारखे.

“सीनरी कॅलेंडरवर असते,” ते म्हणायचे. “हे लँडस्केप आहे.”

काकू सीनरीच म्हणायच्या. सगळा संसार झाल्यावर एवढा एकच विरोध त्यांच्यात शिल्लक राहिला होता.

चित्र घरात कसं आलं याच्या दोन कथा होत्या. काकांची कथा अशी : ॲन आर्बरला एक ऑस्ट्रियन प्रोफेसर वारले, मुलांनी घरातलं सामान विकायला काढलं, काका तिथे गेले आणि चित्राने त्यांना हाक मारली. “हा माणूस आयुष्यभर ह्या चित्राखाली बसून वाचायचा, लिहायचा, पाइप ओढायचा. व्हॉट अ लाइफ!” हे वाक्य ते मान किंचित वर करून म्हणायचे. काकूंची कथा लहान होती. “गवत कापायचं मशीन आणायला गेले होते,” त्या म्हणायच्या, “अजून शेजाऱ्यांचंच मागून आणतो.”

आता दर्शनाचा विधी सांगते. इथल्या महाराष्ट्र मंडळातलं कोणीही घरी आलं, तरी चहाच्या आधी दर्शन. बूट दाराबाहेर, ते ठीक, आपलीच पद्धत. पण मग जमिनीवर निळी चिकटपट्टी लावलेली, तिच्यामागे रांगेत उभं राहायचं. “डिस्टन्स मेन्टेन करा.” खोलीत अंधार, कारण उजेड हा चित्राचा शत्रू. मग काका खिशातून टॉर्च काढायचे. आधी सगळ्या घराला अंधारकोठडी करायची आणि मग टॉर्च मारून गाव दाखवायचं! तो उजेडाचा ठिपका पुलावरून मनोऱ्याकडे आणि मनोऱ्यावरून आभाळाकडे जायचा, आणि आभाळावर थांबायचा.

“बघा,” आवाज खाली आणून ते म्हणायचे, “ही संध्याकाळ. हे सोनं. असा प्रकाश फक्त तिथेच पडतो. गावाचा दिवस संपलाय, चुली विझल्यात, माणसं घरात गेलीत. मीसुद्धा आता ह्या वयाचा आहे.”

पुण्याहून नुकताच आलेला कोणी आयटीवाला म्हणायचा, “सुपर पीसफुल यार काका.” त्याच्या पोटात कावळे ओरडत असायचे. सगळ्यांनाच पाठ झालं होतं, की आभाळाला ‘वा’ म्हटल्याशिवाय खायला मिळत नाही.

“पाहणं वेगळं आणि दिसणं वेगळं,” काका शेवटी म्हणायचे आणि टॉर्च बंद करायचे. हे त्यांचं पेटंट वाक्य. हा माणूस स्वतः त्या गावाला कधी गेला नव्हता. मुलीने तिकिटं काढून देते म्हटलं, तर म्हणाले, “काय करू जाऊन? तिथे आता पार्किंग लॉट झाले असतील.” काकूंना जायचं होतं. एवढी वर्षं ज्या गावापायी अंधारात काढली ते आहे तरी कसं, एवढं त्यांना बघायचं होतं. त्यांना कोण विचारतो!

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. शौकाला मोल नसतं. पण फोडणीचं मात्र मला सोडवेना.

त्या घरात फोडणीला बंदी होती. तेलाच्या वाफा चित्रावर बसतात, मोहरीचा धूर कॅनव्हासमध्ये शिरतो, हिंग तर विचारूच नका. म्हणून काकूंची चूल गॅरेजमध्ये. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला बर्फ ओढायची फावडी आणि मिठाची पोती, आणि मध्ये घडीच्या टेबलावर विजेची शेगडी. मिशिगनचा हिवाळा म्हणजे काय ते ज्याने काढलाय त्यालाच ठाऊक. त्या हिवाळ्यात काकू काकांचं जुनं जाड जॅकेट घालून, कानटोपी ओढून, मोज्यांवर चपला चढवून आमटीला फोडणी द्यायच्या. धूर जावा म्हणून गॅरेजचं दार हातभर वर केलेलं, त्याखालून बर्फाचा भुगा आत यायचा. तळपाय सिमेंटवर गारठून जायचे. बोटांना भेगा पडलेल्या, छातीत खोकला घर करून बसलेला. आमच्या नागपूरला फोडणीचा ठसका शेजारी पोचला नाही, तर बाई आजारी आहे का म्हणून बघायला येतात. इथे बाई फोडणी देऊन आजारी पडायची.

“काकू, घरात करा की बिनधास्त. काय करणार आहेत ते?” मी एकदा म्हटलं.

“अगं, सवय झाली,” त्या म्हणाल्या आणि खोकल्या. “जेवायला बसल्यावर चव बिघडली म्हणतात ना, ती नको वाटते कटकट.”

जेवायला बसल्यावर काका म्हणायचे, “आमटी गार आहे.”

सांगा, काय करावं अशा माणसाचं?

आणखी एक. काकूंना कढीपत्त्याचं झाड जगवायचं होतं. इकडच्या थंडीत कढीपत्ता जगतो तो दक्षिणेच्या खिडकीतच, हे इथल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा. घरात दक्षिणेची खिडकी एकच, ती पडद्याआड. दर उन्हाळ्यात काकू नवीन रोप आणायच्या आणि दर हिवाळ्यात त्याच्या काटक्या व्हायच्या. काका म्हणायचे, “डेव्हन ॲव्हेन्यूवर ढीगभर मिळतो, शिकागोला गेलं की आणू.” म्हणजे कढीपत्त्यासाठी साडेचार तास ड्राइव्ह करायचा, पण पडदा हातभर सरकवायचा नाही.

तर तो दसरा.

काका सकाळी गाडीचे टायर बदलायला गेले होते. काकूंनी बऱ्याच दिवसांनी नऊवारी नेसली होती. हातात तबक : हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. दसऱ्याला आपल्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा करतात, तशी त्या घरभर करत निघाल्या. शिवणाचं मशीन झालं. मिक्सर झाला. मी माझा लॅपटॉप पुढे केला, त्यालाही बोट लागलं. गॅरेजमधल्या शेगडीला त्यांनी दोन फुलं जास्त वाहिली. मग दिवाणखान्यात आल्या आणि चित्रासमोर थबकल्या.

“ह्या घरात रोज पूजा चालते ती ह्या सीनरीचीच,” त्या म्हणाल्या. “मग दसऱ्यालाच का वगळायची?”

मला हसू आलं. त्यांनी निळी पट्टी ओलांडली. चौकटीला कुंकू लावायचं म्हणून बोट ओलं करून कुंकवात बुडवलं आणि टाचा उंचावल्या. काकू उंचीने बेताच्या. तोल गेला, आणि बोट चौकटीवर न टेकता टेकलं थेट आभाळात. मनोऱ्याच्या बाजूला लालभडक ठिपका.

“अगं आई गं!”

घाबरलेली बाई जे करते तेच त्यांनी केलं. पोराचं तोंड पुसावं तसा पदराचा शेव जिभेला लावला आणि घासला. कुंकू निघालं. त्याबरोबर आणखीही काही निघालं. पदर बघितला तर तपकिरी, चहाच्या गाळणीच्या फडक्यासारखा. आणि वर चित्रात, बंद्या रुपयाएवढं स्वच्छ निळं आभाळ.

“रंग निघाला गं!” काकूंनी पदर माझ्यापुढे धरला.

मी पदर हातात घेतला. रंग निघाला असता तर पदर निळा झाला असता. हा मळ होता. वास घेतला, तर जुन्या तंबाखूचा अगदी पुसट दर्प. मी टॉर्च आणला आणि त्या निळ्या तुकड्यावर धरला. मनोऱ्याच्या शेजारच्या घराचं धुराडं दिसलं, आणि त्यातून सरळ वर गेलेली पांढरी धुराची रेघ. इतकी वर्षं ती सोन्याखाली गाडलेली होती.

काका आले. बघितलं. ओरडले नाहीत, हेच वाईट झालं. खुर्चीत बसले आणि एवढंच म्हणाले, “तू आभाळ फोडलंस.”

त्या क्षणापासून त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं. एवढा शिकलासवरलेला माणूस, आणि अबोला धरला शाळेतल्या पोरासारखा! जे सांगायचं ते माझ्यामार्फत. जिन्यावरून हाक यायची. “तुझ्या काकूंना सांग, माझा चष्मा दिसत नाही.” काकू तिथेच समोर उभ्या. “तुझ्या काकांना सांग, कपाळावर आहे.” मी ऑफिसच्या कॉलवर असले तरी मला वर जावं लागायचं. आणि शिक्षा म्हणून नवीन कायदा आला : फोडणीच काय, घरात आता दूधसुद्धा तापवायचं नाही. सगळा स्वयंपाक गॅरेजमध्ये. दिवाळी तोंडावर आलेली, दिवाळीला मंडळाचे लोक फराळाला यायचे, म्हणजे चकल्या, शेव, अनारसे सगळं त्या गारठ्यात तळायचं. काकूंचा खोकला रात्रंदिवस थांबेना. डॉक्टरांनी थंडीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं. काकांनी ते ऐकलं आणि काकूंसाठी आणखी जाड मोजे आणून दिले, तेही माझ्या हाती.

बाई मात्र अपराध्यासारखी झाली होती. चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता मला म्हणाली, “खरंच नासलं का गं?”

“काकू, तुम्ही नासवलं नाही. तुम्ही पुसलंत.”

दुसऱ्या दिवशी काका फिरायला गेल्यावर त्यांनी वाचायचा चष्मा लावला, टॉर्च घेतला आणि चित्राला नाक लावून उभ्या राहिल्या. मला खालून बोलावलं. आवाजात वेगळीच धार होती.

“बघ. ह्या घरावर धूर. ह्याही. ह्या पलीकडच्या चारही घरांवर. मळाखाली आहे पण दिसतोय. पुलापाशी बायका कपडे वाळत घालतायत. संध्याकाळी कोण कपडे वाळत घालतं? सावल्या बघ, पायाशी आहेत. अगं, भर दुपार आहे ही! गावभर स्वयंपाक चाललाय!” त्यांनी टॉर्च खाली केला. “आणि ह्या गावाला धूर लागू नये म्हणून मी गॅरेजमध्ये.”

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मला इतका संताप आला की मी जिन्यातच काकांची वाट बघत उभी राहिले. भाडेकरूने मालकाच्या घरात नाक खुपसू नये, मान्य. पण खुपसलं.

“काका, प्रोफेसर त्या चित्राखाली बसून पाइप ओढायचे म्हणालात ना?”

“आयुष्यभर.”

“मग त्या धुराचं काय झालं असेल? तुम्ही एक्झॉस्टवाले. तुम्हीच सांगा.”

काका रुमालाची गाठ सैल करत होते. हात थांबला. आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ज्या माणसाने जन्मभर काजळी मोजली, त्याने वीस वर्षं काजळीलाच सोनं म्हटलं, आणि तेही सबंध मंडळाला पट्टीमागे उभं करून. मला वाटलं, आता हा माणूस हसेल. एकदा तरी हसेल, आत जाईल, बायकोला म्हणेल, चुकलं. एवढंच तर हवं होतं.

“तुझ्या काकूंना सांग,” ते म्हणाले, “चित्रकलेतलं त्यांना काही कळत नाही.”

आणि फराळाचा दिवस उजाडला. दुपारी लोक येणार. काकूंना वाटत होतं, काका एक तर चित्र उतरवून ठेवतील, नाही तर लोकांना खरं सांगतील. “सांगितलं तर मी गॅरेजमधून सुटले,” त्या मला म्हणाल्या. “दुपार आहे म्हटलं की चुली आल्या. चुली आल्या की मीही आले घरात.” सगळं त्यांनी त्या एका गोष्टीवर टांगून ठेवलं होतं.

सकाळी कपडे धुवायला टाकायचे म्हणून मी वर आले. गॅरेजच्या दारातून चकल्यांचं ताट घेऊन काकूही त्याच वेळी आत येत होत्या. आम्ही दोघीही जागच्या जागी उभ्या राहिलो.

काका स्टुलावर चढले होते. डाव्या हातात कप, उजव्या हातात कान साफ करायची काडी. काडी कपात बुडवायची, निथळायची आणि त्या निळ्या तुकड्यावर हलक्या हाताने फिरवायची. आभाळाला चहा पाजत होते. मोहरीचा धूर नको, दुधाची वाफ नको, निळी पट्टी ओलांडू नका, आणि साहेब स्वतः आसाम चहा चोपडतायत! जीभ एकाग्रतेने इतकी बाहेर आलेली, की आम्ही आल्याचंही कळलं नाही.

काकूंनी ताट टेबलावर ठेवलं. मला वाटलं रडतील. त्या सरळ खिडकीकडे गेल्या आणि पडदा खर्रकन ओढला. एवढ्या वर्षांचं राहिलेलं ऊन एकदम आत आलं. काका स्टुलावर डोळे मिचकावत राहिले, हातात कप तसाच.

“कोरा आहे ना?” काकूंनी विचारलं. दसऱ्यानंतर त्या त्यांच्याशी थेट बोलल्या ते हे पहिलंच. “दुधाचा लावू नका हो, मुंग्या येतील.”

काकांनी कप पाठीमागे लपवला.

“संध्याकाळ हवीय तुम्हाला, कळलं,” काकू म्हणाल्या. आवाज अगदी शांत. “पण चहाने नाही होणार. ती धुरानेच होते. उतरा खाली, मी करून देते.”

मग ती बाई गॅरेजमध्ये गेली. शेगडी बंद केली, कढई उचलली, घरात आणली आणि स्वयंपाकघरातल्या गॅसवर ठेवली. त्या गॅसवर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कढई चढली असेल. जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं. मला म्हणाल्या, “तुझ्या त्या नागपूरच्या मिरच्या आण गं. भिवापुरी.” मी धावतच खाली गेले.

दुपारी लोक आले. बूट बाहेर, सगळे पट्टीमागे. खोलीत ऊन होतं, टॉर्चचं काही कामच नव्हतं, तरी काकांनी तो काढला. सवय. ठिपका पुलावरून मनोऱ्याकडे गेला, आभाळाकडे गेला आणि चहाच्या डागापाशी अडला. कोणीतरी म्हणालं, “काका, इथे ढग आहे का?”

“पाऊस पडून गेलाय,” काका म्हणाले. “ही त्यानंतरची संध्याकाळ. बघा, गावाचा दिवस संपलाय, चुली विझल्यात...”

तेवढ्यात आत कढईत मिरच्या पडल्या. असा ठसका उठला, की पट्टीमागची सगळी रांग खोकायला लागली. धूर दारातून आला, उन्हातून वळत वर गेला आणि चौकटीपाशी घुटमळला. काका टॉर्च धरून उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आणि आतून काकूंचा खणखणीत आवाज आला, “अहो, होतेय का बघा संध्याकाळ? का आणखी मोहरी टाकू?”